नूतेनवरचा खोटा वार्दा

ओद्वारच्या जिभेला हाड नव्हतं, हे स्काल्विक गावातलं शेंबडं पोरही सांगेल. फेरीबोटीवरून निवृत्त झाला, घरात बसवेना, म्हणून हा बाबा पाहुण्यांना गाव दाखवायला लागला. उन्हाळ्यात बंदरात मोठाली जहाजं लागतात. डांबराच्या वासाचं जुनं लाकडी चर्च, मग धबधबा आणि शेवटी नूतेनचं पठार. तिथून अख्खी खाडी दिसते. निदान दिसायला हवी.

एकदा भर जुलैत असं धुकं दाटलं की स्वतःचे बूट दिसेनात. पाहुणे धापा टाकत वर आले, बघतात तर समोर नुसतं पांढरं! सगळ्यांचे चेहरे पडले. ओद्वारला ते बघवेना. "खाडीचं काय घेऊन बसलात?" त्याने ठोकून दिलं. "इथे दगडावर दगड रचायचा आणि मनात इच्छा धरायची. डोंगरातला ट्रोल, म्हणजे आमच्या गोष्टींतला राक्षस, ती पुरी करतो. पवित्र रिवाज आहे आमचा."

असला रिवाज स्काल्विकमध्ये कुणाच्या खापरपणज्यानेही ऐकला नव्हता. पण पाहुणे खूश! लगोरी मांडावी तसे दगड रचले, फोटो काढले, जगभर पाठवले. पुढच्या उन्हाळ्यापासून लोक जहाजातून उतरताच आधी दगडांचंच विचारायला लागले. ओद्वारची कॉलर ताठ झाली.

शेजारच्या बोर्गहिल्डच्या मेंढ्या नूतेनवर चरायच्या. दोघं एका बाकावर बसून शिकलेली, त्यामुळे ती त्याला कधी सोडायची नाही. "अरे ओद्वार, तुझ्या त्या लगोऱ्यांना माझ्या मेंढ्या अडखळतात."

"त्यांनाही मागू दे की एखादी इच्छा!"

"मागतात ना. तुझं तोंड बंद व्हावं म्हणून!"

आता नूतेनवर मळलेली वाट अशी नाहीच, सगळा उघडा खडक. वाडवडिलांनी खुणेसाठी दगडांच्या राशी रचल्यात, त्यांना वार्दे म्हणतात. धुक्यात एक वार्दा गाठायचा, तिथून दुसरा शोधायचा, असं करत माणूस घरी येतो. जाता-येता त्यावर दगड ठेवायचा, पण काढायचा कधीच नाही. लहानपणी ओद्वारने एकदा काढला, तेव्हा बापाने अशी थोबाडीत दिली होती की गाल अजून आठवण ठेवून होता.

ऑगस्टमध्ये त्याला घळीच्या तोंडाशी एक नवी रास दिसली. पाहुण्यांच्या कुठल्यातरी घोळक्याने हौसेने रचलेली, चांगली छातीएवढी. हुबेहूब वार्दा! धुक्यात कुणी याच्या भरवशावर चाललं तर थेट घळीत जाणार. पाडायला हात पुढे केला, आणि तो आपोआप मागे आला. दगड काढायचा नाही! 'बघू उद्या,' म्हणत तो खाली उतरला. उद्या दुसरं जहाज आलं.

सप्टेंबरात बोर्गहिल्ड मेंढ्या उतरवायला वर गेली आणि धुक्यात सापडली. दुसऱ्या दिवशी ती गावकऱ्यांना घळीत मिळाली, कमरेचं हाड मोडलेलं.

इस्पितळातून ती घरी आली तेव्हा ओद्वार माशांचं सूप घेऊन गेला. ती कॉटवर भिंतीकडे बघत पडली होती.

"वार्दा होता रे तिथे," ती म्हणाली. "मी माझ्या डोळ्यांनी बघितला. पोरगा म्हणतो, आई, घळीकडे वार्दा कसा असेल, तुला भास झाला. त्याचंही खरंच आहे. वार्दा कधी खोटा असतो का? माझंच डोकं गेलं."

ओद्वारने सुपाचा डबा कॉटशेजारी ठेवला. 'बोल, मेल्या, बोल की आता!' त्याचं मन ओरडत होतं.

"मेंढ्या देऊन टाकतेय. शुक्रवारी ट्रक येईल. जिला घरची वाट सापडत नाही, तिने मेंढ्या कशाला पाळाव्यात?"

"सूप गार होईल," ओद्वार म्हणाला. एरवी पन्नास अनोळखी माणसांसमोर थापांचा धबधबा सोडणारा हा माणूस, एवढं बोलून घरी आला. सगळा आठवडा मन त्याला खात होतं. जेवण जाईना, कुणी हाक मारली तरी दचकायचा.

शुक्रवारी सकाळी उठला तो थेट नूतेनवर गेला. आधी ती रास पाडू, मग तिच्यासमोर उभं राहायचं धाडस होईल, अशी त्याने मनाची समजूत घातली. बैल गेला नि झोपा केला! एकेक दगड उचलून तो घळीत टाकत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचीही त्याला लाज वाटत होती.

हंगामातल्या शेवटच्या जहाजावरची एक मुलगी धावत आली. "अहो आजोबा! काय करताय हे? पवित्र आहे ते! हा इथला जुना रिवाज आहे. तुम्ही इथले नाही वाटतं?"

"इथलाच आहे," ओद्वार म्हणाला. त्याने शेवटचा दगड ढकलला आणि पाय नेतील तसा खाली उतरला.

बोर्गहिल्डच्या दारात ट्रकच्या चाकांचे ओले ठसे होते. मेंढवाड्याचं फाटक सताड उघडं. ती कुबड्यांवर ओसरीत उभी होती, हातात म्होरक्या मेंढीच्या गळ्यातली घंटा.

ओद्वारने सगळं सांगितलं. ट्रोलची थाप, घळीवरची रास, मागे घेतलेला हात, काही लपवलं नाही. दम लागला होता, शब्द अडखळत होते, पण सांगितलं.

मग तिचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे वार्दा होता! मी चुकले नव्हते!"

"नाही गं. तू कधीच चुकली नव्हतीस."

तिने रिकाम्या मेंढवाड्याकडे पाहिलं, मग हातातल्या घंटेकडे.

"आणि सूप घेऊन आला होतास, तेव्हा तुला हे माहीत होतं?"