बाराव्या भोकापाशी

भूत-बित कोणी सांगू लागलं की मी उठून जातो. शिकलो चौथी, पण तिरोड्याकडच्या आमच्या गावात जन्मभर रेडिओ न् मोटरी दुरुस्त केल्या. करंट येते नाही तं येत नाही, मधलं काही नसते… तरी हे लिहून राह्यलो.

मागच्या उन्हाळ्यात टाकी भरली की वाजणारा अलार्म बनवला. खाली तांब्याच्या पट्ट्या असलेला भोकाभोकांचा बोर्ड, एक ट्रान्झिस्टर, एक बझर. जिथून करंट जाऊ नये तिथं पट्टी तोडा लागते. पण टाकी कोरडी तरी वाजे. तीन ट्रान्झिस्टर बदलले. शेजारचा सुदाम हसे, "काकाजी, टाकीले तहान लागली म्हणून रडून राह्यलं का हे?"

माझी बायको कौसल्या बाजूलाच बिड्या वळत होती. तिनं बोर्ड उलटा करून भोकं मोजली. "अवो, इथं बाराव्यापाशी पट्टी तोडाची राह्यली. बाकीच्या तोडल्या तुमी."

मी सुदामदेखत म्हणालो, "अंगठेबहाद्दर, तू तेंदूपानं काप. मले नको शिकवू."

तिनं कैची उचलून पानं कापाले घेतली. बोर्ड मी डब्यात टाकला. तिनं दाखवलं ते पाहिलंसुद्धा नाही.

पोळ्यानंतर ती तापानं गेली. तेरवी झाली, पोरगी आईची पानं कापायची कैची आठवण म्हणून सासरी घेऊन गेली. मग एका सकाळी डबा उघडला. मीटर लावला — बाराव्या भोकापाशी पट्टी सलग. मीटर कुई वाजला. तिचंच खरं होतं. इतकी लाज वाटली की पट्टी तोडवली नाही. बोर्ड तसाच ठेवला, घराले कुलूप लावलं, तलावावर आंघोळीला गेलो. चाबी माझ्याच करदोट्याला.

येऊन पाहतो तं पट्टी कापलेली. मी ड्रिलच्या टोकानं तोडतो, गोल खड्डा पडते. ही सरळ चीर होती, कैचीचं टोक ओढल्यासारखी. आधीची असती तं मीटर वाजला नसता. मीच कापून विसरलो म्हणावं, तं कैची घरात नव्हती.

बॅटरी जोडली… चूप. टाकी भरली तेव्हाच वाजला. सुदाम धावत आला. "वा काकाजी! कोणं काढला फॉल्ट?"

तिचं नाव तोंडावर आलं होतं. म्हणालो, "मी. दुसरं कोण?"

"मले बी एक बनवून द्या मंग."

"देतो," म्हटलं.

अजून दिला नाही. पट्टी कशी कापली गेली, कोणाले समजत असन तं सांगा. मले समजलं नाही. सुदामले खरं सांगाचं आहे, तेही झालं नाही. त्याचं अंगण माझ्या दारापासून दहा पावलं आहे.