पंख्यावरचा पिवळा थर

"तू आणलेलं ग्राफिक्स कार्डच भिकार! वळण आलं की माझी बस अडखळते."

"आप्पा, कार्ड नवंकोरं आहे. आता कॉम्प्युटरचं खोकं उघडूनच बघते."

"खोक्याला हात लावू नकोस!"

आप्पांनी उभी हयात बस चालवली. निवृत्तीनंतर ते कॉम्प्युटरच्या गेममध्येही बसच चालवायचे, तोंडाने हॉर्न वाजवत. हृदयाच्या ऑपरेशननंतर या खेळामुळे त्यांची सिगारेट सुटली, असं लेक जगाला कौतुकाने सांगायची.

तिने झाकण काढलं आणि तिला शिसारी आली. पंख्याच्या पात्यांवर पिवळट, चिकट राप होता आणि त्यात केस, राख कालवलेली. शिळ्या धुराचा भपकारा नाकात गेला. वारा अडल्यामुळे कार्ड तापत होतं, म्हणून गेम अडखळत होता.

"धूळ आहे गं."

"धुळीला सिगारेटचा वास येतो?"

"एखादीच ओढतो. हात रिकामे राहतात ना."

"स्टिअरिंग धरलेले हात?"

आप्पा ओशाळं हसले. "बरं, उद्यापासून खिडकीत ओढीन. तू एवढं पुसून दे, म्हणजे बस पळेल. देशील ना?"

तिने बरबटलेलं बोट फडक्याला पुसलं, पुन्हा पुसलं. मग ते फडकं त्यांच्या मांडीवर टाकून ती चपला घालून निघून गेली.