हालमांगचा खडक आणि शहाणं यंत्र

समुद्रानं बू मल्सूनचा उजवा कान घेतला तेव्हा ती पन्नाशीला टेकली होती. चौतीस वर्षं जेजू बेटाच्या या काळ्या किनाऱ्यावर तिनं बुड्या मारल्या होत्या. त्या कानानं ऐकू येईना. डॉक्टर म्हणाला, आता पुरे. ती रडली नाही. गावच्या मच्छीमार संघात कागद करायला माणूस हवं होतं, तिथं जाऊन बसली आणि दोन बोटांनी टाइप करायला शिकली. खडकाच्या फटीतून शंख उपटणारी बोटं ती. कळांची काय कथा!

संघाचे सचिव हाम मुख्य भूमीवरून आलेले. पाच वर्षं समुद्राच्या उशाला राहून ज्याच्या बुटाला मीठ लागलं नाही असा गावात हा एकच माणूस. वादळातसुद्धा त्यांचा भांग हलत नसे. बेटाची बोली कागदावर गावंढळ दिसते, असं त्यांचं मत. म्हणून संघाच्या दोन्ही संगणकांत त्यांनी अशी सोय करवून घेतली होती, की बोलीतला शब्द लिहिला की यंत्र तो पुसून राजधानीतला लिहायचं.

त्या हिवाळ्यात दर दहा वर्षांनी जाणारी यादी करायची होती. पाण्याखालचा प्रत्येक खडक नावानिशी त्यात लिहायचा आणि ती जिल्ह्याच्या कचेरीत द्यायची. जुन्या यादीशी नाव जुळलं तर खडक गावाचा. त्यात एक होता हालमांग-यो, म्हणजे म्हातारीचा खडक. किनाऱ्याला लागून, उथळ. तरण्या बाया तिथं उतरत नाहीत. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांसाठी तो सोडायचा. हा नियम कुणी लिहिला नाही आणि कुणी मोडलाही नाही. यंदा शेजारच्या गावानं नेमका त्याच खडकावर हक्क सांगितला होता.

मल्सूननं त्रेचाळीस नावं टाइप केली. दोन बोटांनी लिहिणाऱ्याची नजर कळांवर असते, पडद्यावर नसते. यादी छापून, न वाचताच खिशात घालून ती बुल्तोकला गेली. दगडांच्या कुंपणातली ही शेकोटी. बुडी मारणाऱ्या बाया इथंच कपडे बदलतात, इथंच भांडतात. रीत अशी की यादी मोठ्यानं वाचायची आणि जिचा वावर त्या खडकावर, तिनं "आहे" म्हणायचं. मगच शिक्का.

तीन-चार नावांना "आहे" आलं. मग मल्सूननं कागदावर होतं तसं वाचलं, "हालमोनी-यो."

बाया एकमेकींकडे बघू लागल्या.

"दुरे मावशी, तुमचा खडक ना?" कुणीतरी विचारलं.

एकोणऐंशी वर्षांच्या यांग दुरेनं गुडघे चोळत वर पाहिलं. "माझा नाही बाई. ही हालमोनी कोण? राजधानीतली पाव्हणी का? तिला पोहता येतं का?"

बाया खदखदल्या. मल्सून हसली नाही. यंत्रानं म्हातारीचा बेटावरचा शब्द पुसून राजधानीतला लिहिला होता. तिनं पुढची नावं पाहिली: डुकराचा खडक, मांजराचा खडक, सगळ्यांच्या अंगावर तसाच परका सदरा चढला होता. हा कागद गेला असता तर म्हातारीच्या पायाखालचा खडक गेला असता.

ती तडक संघाच्या कचेरीत गेली. "साहेब, यंत्र नावं बदलतंय. ते बंद कसं करायचं?"

"बदलत नाही, सुधारतं," हाम म्हणाले. "ते बंद होत नसतं. तुम्ही नका त्यात हात घालू."

"तुम्ही कधी बघितलंय बंद करून?"

हामांनी चहाचा पेला उचलला आणि खिडकीबाहेर पाहिलं. मल्सून समजली. ज्याला येत नसतं त्याला नेहमी समुद्र बघायची हौस येते.

ती यंत्रासमोर बसली. अनोळखी पाण्यात जशी पहिली बुडी उथळ मारायची, तशी यंत्रातल्या सोयींची एकेक यादी उघडून बघत गेली. तिसऱ्या ठिकाणी सापडलं: डावीकडे बेटाचा शब्द, उजवीकडे राजधानीचा, मधे बाण. आधी आपोआप बदलण्याची खूण काढली. तेवढ्यावर तिचा विश्वास बसेना. मग बाणांच्या ओळी एकेक करून पुसल्या. मग यंत्राच्या शब्दकोशात त्रेचाळीस नावं स्वतः घातली. प्रत्येक नाव टाइप करी, पुढे रिकामी जागा सोडी, मान वर करून पडद्याकडे बघे. नाव जागचं हललं नाही, की पुढचं. दुपार सरली.

दुसऱ्या दिवशी शेकोटीजवळ तिनं पुन्हा वाचलं. "हालमांग-यो."

"आहे!" दुरे म्हणाली. "आणि मीही अजून आहे, सांग त्यांना."

हामांनी न वाचताच शिक्का मारला. जिल्ह्याच्या माणसानं जुनी यादी नवीशेजारी ठेवली, नाव नावाला लागलं, शेजाऱ्यांचा दावा बारगळला.

वसंतात संघाची सभा भरली. हाम म्हणाले, संगणकाच्या कामात मी जातीनं लक्ष घातलं. मग स्वतःच्या यंत्रावर, जिथं ती सोय अजून चालूच होती, स्वतः टाइप केलेली यादी त्यांनी खड्या आवाजात वाचायला घेतली. "हालमोनी-यो!"

साठ बाया बसल्या होत्या. एकीनंही "आहे" म्हटलं नाही. हामांनी घसा खाकरून पुन्हा वाचलं आणि मल्सूनकडे पाहिलं. तिनं शांतपणे आपला बहिरा कान त्यांच्याकडे केला.