आढीतली खाजकुयली

गोठ्याच्या खांबाला मी नवऱ्याचे हात सुंभाने बांधत होते, दोघंही गळ्यापर्यंत शेणाने माखलेले, आणि तेवढ्यात धाकटी जाऊ ताक मागायला आली. दारात तिला आधी थोरले दीर, म्हणजे हे, दिसले म्हणून तिने सवयीने डोक्यावर पदर घेतला. मग नीट दिसले, तसं तिने पदराने तोंडच झाकलं.

"वयनी, भावोजींना काय झालं?"

"आंबा बाधला," मी म्हटलं.

ते काही खोटं नव्हतं. दोन हजार सालची गोष्ट. आदल्या दिवाळीत यांच्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली, ती भरेना. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, साखर निघाली. गोड बंद, आंबा अजिबात नाही, जखम खाजवायची नाही, तिला घाण लागू द्यायची नाही. नाहीतर अंगठा कापावा लागेल. यांनी मान डोलावली. पण मला माझा माणूस ठाऊक. पोटमाळ्यावर पेंढ्यात आंबे पिकायला घातले, की रोज एक पिकलेला हापूस त्या आढीतून हे काढणार आणि वर उंदरांना शिव्या घालणार. चाळीस वर्षं तेच चाललं होतं.

म्हणून मी माघातच तयारीला लागले. आमच्या मागच्या कुंपणावर खाजकुयलीची वेल दरवर्षी आपली आपण येते. पावसात रुजते, भाद्रपदापर्यंत कुंपण झाकून टाकते, दिवाळीनंतर तिला वांग्याच्या रंगाच्या फुलांचे घोस लोंबतात. भुंगे मग दिवसभर तिथेच. पुढे शेंगा धरतात, त्यांच्यावर सोनेरी मखमल. हात लावून बघावा अशी, आणि लावला की माणूस नाचतो. गुरं नाहीत, माकडं नाहीत, कोणी त्या शेंगांच्या वाटेला जात नाही. बी पक्कं होईपर्यंत वेल अशी राखण करते, शेंगा तडकल्या की वाळून मरते. पुढच्या पावसात तिची पोरं उगवतात. तिच्यात कपट नाही. कपट माझ्यात होतं.

सकाळी दंव असताना ती मखमल ओली असते, उडत नाही. तेव्हा चुलीपुढच्या लांब चिमट्याने मी दहाबारा शेंगा तोडल्या आणि तुपाच्या जुन्या डब्यात ठेवल्या. चैत्रात आढी घातल्यावर पुढच्या कडेला, जिथे यांचा हात जायचा, तिथल्या पेंढ्यावर त्या झटकल्या. मागची बाजू माझ्यासाठी मोकळी ठेवली.

आठ दिवस झाले. हे खाजवत नव्हते, आणि आंबे मात्र कमी होत होते. मला वेलीचाच राग आला. नवव्या दिवशी वर चढले आणि मागच्या बाजूने कोपरापर्यंत हात घातले. पेंढा सगळा ढवळलेला होता. हात पेटले, मान पेटली, पापण्यासुद्धा. डोळे उघडेनात, शिडी सापडेना. मी हाक मारली.

हे वर आले. दंडाला धरून मला एकेक पायरी खाली उतरवलं, आणि माझ्या लुगड्याला चिकटलेली शेंगांची बारीक कुसं त्यांच्या अंगावर, पायांवर पडली. खाली डोळे धुतल्यावर मला चुलीजवळ चिमटा दिसला. टोकाला आंब्याचा रस वाळलेला.

"चिमट्याने काढत होतात?"

"शिमग्यात तुझा डबा उघडून बघितला होता," हे म्हणाले.

"ठाऊक होतं, तर वर कशाला आलात?"

हे दंड खाजवायला लागले. मी पडले असते तर भाकरी कोण भाजणार, असा हिशेब असणार.

खाजकुयलीवर शेण. ओलं थापायचं, वाळलं की खरवडायचं, कुसं त्याच्याबरोबर निघतात. पण अंगठ्याला शेण चालणार नव्हतं, आणि यांना खाज नेमकी तिथेच. पाय धुऊन मी तो प्लास्टिकच्या पिशवीत बांधला, तरी यांचा हात सारखा पिशवीकडे. आंब्याने जायचा तो अंगठा आता माझ्या हुशारीने जाणार, हे कळल्यावर मी सुंभ घेतलं.

जाऊ ताक न घेताच परत गेली. लोटे गावी कंपनीत असलेल्या आमच्या मुलाला तिसऱ्या दिवशी बातमी पोचली, ती अशी की आई बाबांना बांधून मारते.

शेण वाळायला दोन तास लागले. तोवर मी समोर बसून राहिले, माझीही आग होतच होती.

"अगो, निदान नाक तरी खाजव माझं," हे म्हणाले.

"पुन्हा आंबा खाणार?"

"आधी नाक."

माझे हात शेणाचे, म्हणून गोठ्यातल्या काडीने खाजवलं. मग म्हणाले, नाही खाणार. उरलेली आढी मी जावेला देऊन टाकली, चिमट्यासकट.

पुढच्या महिन्यात डॉक्टरांनी पट्टी सोडली. जखम भरली होती. वेल तर फाल्गुनातच मेली होती. मी, हे आणि यांचा अंगठा, एवढे वाचलो.