आमाला इचारलं का?

पनवेलच्या बाजाराबाहेर रस्त्यावर मासळी विकणारी ती उरणची बाई कोयता माशावर धरून थांबते. "तुकडे करू?" गिऱ्हाइकाने हो म्हटल्याशिवाय कापत नाही. पालिकेची गाडी आली की बाकीच्या बायका टोपल्या उचलून पळतात, ही बसून राहते.

"तुमी कायदा केला, तवा आमाला इचारलं का?"

लोकांच्या संमतीशिवाय सत्ता नाही, हे मी कॉलेजात शिकवतो. ती पालिकेच्या साहेबाच्या तोंडावर म्हणते. आज हिला नेणारच, असं मला दर वेळी वाटतं.

काल एक नवी बाई रांगेच्या टोकाला येऊन बसली. हिने उठून तिची टोपली लाथेने उलटवली.

"हितं कोन बसंल ते मी ठरवते. मला इचारलं का?"

नवी बाई रडत मातीतले बोंबील गोळा करू लागली. बाकीच्या बायका मान खाली घालून खवले काढत राहिल्या.

मग हिने जागेवर येऊन हात धुतले, कोयता माझ्या पापलेटावर धरला आणि नेहमीच्याच मायेने विचारलं, "तुकडे करू?"

तिचं बोलणं संपायच्या आत मी हो म्हणालो.

घरी पापलेट भरायचं होतं. मला ते अख्खंच हवं होतं.