जीपमधल्या डिझेलला हवा धरली तेव्हा

मंडळी, आज सकाळी शेजाऱ्यांची गाडी गॅरेजमधून आल्यावर थंडीत सुरू होईना, आणि मला नव्वदच्या दशकातली कळंबची एक सकाळ आठवली.

आमच्या डिझेल जीपचा फिल्टर आदल्याच दिवशी बदलून आणला होता. बायकोचे, सुनंदाचे, दिवस भरलेले. उजाडताना तिला कळा सुरू झाल्या. बारामतीचा दवाखाना गाठायचा, तर जीप सुरूच होईना. स्टार्टर फिरायचा, पण इंजिन पकडत नव्हतं.

"थंडीनं आखडलीय. ढकलून बघू," वडील म्हणाले.

चौघांनी ढकलली. काही उपयोग नाही. मी पुन्हा किल्ली फिरवली, तर बॅटरीच बसत चाललेली.

मागच्या सीटवरून सुनंदा कळ सोसत ओरडली, "अवो, नुसता स्टार्टर मारू नका! फिल्टर बदललाय न्हवं? डिझेलला हवा धरली आसंल, नळीत हवा अडकली की डिझेल म्होरं जात न्हाय. फिल्टरवरचा नट ढिला करा, हातपंप मारा. बुडबुडं थांबलं की आवळा."

"तुला काय ठावं?"

"माहेरी ट्रॅक्टर मीच चालवायची. करा आधी!"

केलं. आधी फेस आला, मग डिझेलची साफ धार. नट आवळला, किल्ली फिरवली आणि जीप धडधडली. दवाखान्यात पोचलो आणि अर्ध्या तासात मुलगी झाली. दोघी सुखरूप.

संध्याकाळी तिच्या खाटेशी बसून विचारलं, "आणखी काय काय येतं गं तुला?"

"लग्नाला दोन वर्सं झाली. आत्ता इचारताय व्हय?" ती म्हणाली.

तुम्ही घरी कधी विचारलंय का?