सत्कार नको, होडी

माझ्या डोक्याला फेटा बांधला जात होता आणि खाली पहिली होडी माझ्याशिवाय सुटली होती.

जहाजाचा डेक. सकाळी नऊचं ऊन. समोर लक्षद्वीपचं एक बेट, नारळाची झाडं मोजता येतील इतकं जवळ. तिथं पाणी उथळ, म्हणून जहाज लांब उभं राहतं आणि माणसांना छोट्या होड्यांतून किनाऱ्यावर नेतात. कोल्हापूरहून आलेले आम्ही चाळीस जण. आमचा टूर मॅनेजर सुहास. त्यानं स्वतःच्या हातानं मला फेटा बांधला, शाल पांघरली, नारळ दिला. माईक नव्हता, पण त्याला गरजही नव्हती.

"ताईंच्या जिद्दीला सलाम! पाय न्हाईत तरी समुद्र बघाय आल्यात. जोरात टाळ्या!"

पाय आहेत मला. चालत नाहीत.

टाळ्या झाल्या. फोटो झाले. मग तो माझ्यापुढं वाकला आणि लहान पोरीला समजवावं तसं म्हणाला, "ताई, तुम्ही आता हितंच निवांत बसा. नाष्टा वेळेवर मिळंल. बेटाचे फोटो आम्ही आणतो की."

आणि मी काय केलं? हात जोडले. "आभारी हाय," म्हणाले. आज लिहितानाही त्या दोन शब्दांची लाज वाटते.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या टूरवाल्यांच्या ऑफिसात मी बुकिंग केलं तेव्हा पत्रकावर ठळक छापलं होतं, 'व्हीलचेअरची सोय'. फॉर्मवर विशेष सूचनांचा रकाना होता. त्यात मी सगळं लिहिलं. खुर्चीची रुंदी, माझं वजन, होडीत उतरवायला दोन माणसं लागतील. सुहासनं न वाचता शिक्का मारला. "काळजी सोडा ताई," म्हणाला. मी सोडली. ती सोय म्हणजे काय ते कोचीच्या स्टेशनवर कळलं. प्लॅटफॉर्म ओलांडायला त्यांनी एक चाकाची खुर्ची आणून ठेवली होती. मी माझ्या खुर्चीत बसलेली असताना!

सोबत माझी वहिनी होती. ती घुटमळली. "मी थांबतो की वन्सं तुमच्यासंगं." मी म्हटलं, जा, तुझा का दिवस घालवतेस. ती गेली. तिचा राग नाही. तिला जा म्हणणारी मीच. मी नेहमीच लोकांना जा म्हणत आले होते.

दुसरी होडी लागली. लाइफ जॅकेट चढवून माणसं होडीत उतरायच्या दाराकडं निघाली. आमच्यातल्या एक काकू, स्वभावानं चांगल्या, लगबगीनं आल्या आणि पर्स माझ्या मांडीवर ठेवली. "तुम्ही हितंच हाय न्हवं? जरा सांभाळा की." त्यांचं बघून दुसरीनं पिशवी ठेवली. तिसरीनं चपला.

मांडीवरचं ते ओझं ओळखीचं होतं.

चौथीत असताना शाळेची सहल पन्हाळ्याला गेली होती. बाईंनी मला एसटीच्या पुढच्या सीटवर बसवलं आणि सगळ्या वर्गाची दप्तरं माझ्याभोवती रचली. "तू आपली शहाणी. दप्तरं सांभाळ." पोरं तटबंदीवर ओरडत होती, ते मला खिडकीतून ऐकू येत होतं. संध्याकाळी बाईंनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं आणि बिस्किटचा पुडा दिला. घरी येऊन मी आईला सांगितलं, मला बक्षीस मिळालं. आई हसली नाही. का, ते तेव्हा कळलं नव्हतं.

आता मी सेहेचाळीस वर्षांची. नोकरी करते. चार माणसं मला मॅडम म्हणतात. आणि मांडीवर चपला.

मी फेटा काढला. नारळ खाली ठेवला. पर्स, पिशवी, चपला एकेकीच्या हातात परत दिल्या.

"मी खाली जाणार."

सुहास हसला. "ताई, रिस्क हाय. उद्या काय बरंवाईट झालं तर जबाबदारी कुणाची?"

"माझी."

"आन ह्या समद्यांचा खोळंबा?"

मागून एक काका वैतागले. "अवो, सत्कार केला की तुमचा. आजून काय पायजे?"

"होडी," मी म्हटलं.

दारात जहाजाचा एक खलाशी उभा होता. वयस्कर, दंडावर जुना व्रण. त्याला मराठी येत नव्हतं, पण काय चाललंय ते त्याला कळलं होतं. त्यानं सुहासकडं पाहिलंच नाही. मला विचारलं, "कहाँ से पकड़ना है?"

इतक्या वर्षांत मला उचलणारे खूप भेटले. काखेत हात घालून, पोत्यासारखं खांद्यावर टाकून, न विचारता. कुठून धरू असं कुणी विचारलं नव्हतं.

आणि हे तर माझं काम. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी ड्रॉइंग काढते. टनावारी वजनाच्या ओतीव लोखंडी कास्टिंगला क्रेनचा हुक कुठं लावायचा, तोल कुठं राहील, ते मी कागदावर दाखवते. लोखंडालाही कुठून धरायचं ते आधी ठरवावं लागतं. माझ्याबद्दल मी ते कधी तोंड उघडून सांगितलं नव्हतं.

सांगितलं. खुर्ची मागच्या दांड्यांना त्यानं, पुढच्या चौकटीला त्यानं बोलावलेल्या दुसऱ्या खलाशानं धरायची. चाकांना हात लावायचा नाही. लाट वर आली की उचला, खाली गेली की थांबा. तिसऱ्या लाटेला मी होडीत होते. कोपर खरचटलं, सलवार भिजली. बास, एवढीच रिस्क.

किनाऱ्यावर वाळूत चाकं रुतली. मी खुर्चीतून उतरले आणि हातांवर सरकत पाण्याकडं निघाले. चारचौघांत असं सरकणं मी दहाव्या वर्षी सोडलं होतं. लोक काय म्हणतील म्हणून. पाणी कोमट होतं, छातीपर्यंत आलं. वहिनी शेजारी बसून रडायला लागली. मी रडले नाही. मला राग आला होता. हे पाणी इतकं सोपं होतं आणि मला सेहेचाळीस वर्षं लागली.

सुहास मोबाइल धरून पळत आला. "ताई, असंच राहा! लई भारी व्हिडिओ हुतोय. जाहिरातीला घेऊ."

"मोबाइल खाली घे. आधी ती सोय पत्रकावरनं खोड, न्हाईतर दोन माणसं ठेव. दोन्हीतलं एक होईपर्यंत माझा फोटो मिळणार न्हाई."

त्याचा चेहरा पडला. पडू दे.

दुसऱ्या दिवशी दुसरं बेट होतं. सगळे चहा पीत असताना मी होडीच्या दारात जाऊन खुर्ची लावली आणि दोन्ही ब्रेक ओढले. मागं रांग वाढत गेली. काल वैतागलेले काका सगळ्यात पुढं होते.

"बाई, जरा बाजूला व्हा की. लोकांना उतरायचंय."

मी मान वळवली नाही.

"मी उतरल्याबिगार आज कुणी उतरणार न्हाई," मी म्हटलं. आणि खलाशाला हाक मारली.